पाऊण इंच

तिसरं टोपरंही लिंबाला बसेल एवढंच झालं. तात्यापाऱ्यातल्या शिवणक्लासात भीमाबाईंनी ते बोटावर घालून फिरवलं. "शिलाईसाठी कडेनं जास्तीचं कापड ठेवायचं, त्यालेच माया म्हणतात. किती डाव सांगू, सुशीलाबाई? अर्धा इंच माया सोडा, मंग कापा."

घरी येऊन वैतागातच चौथं कापायला बसले. हे पेपरच्या आडून म्हणाले, "शेजाऱ्याच्या नातवासाठी एवढी मरमर काहून करून राहिली?"

शेजाऱ्यांना नातू नाही, आणि आमच्या पूर्णिमाला नववा लागलाय, हे यांनाही ठाऊक होतं.

"पोट्टी न सांगता लग्न करून गेली, तवाच तुले म्हटलं होतं, तिची माया सोड."

"तेच तं जमून नाही राहिलं," मी कैची आपटली. "भीमाबाईबी रोज तेच म्हणते, अर्धा इंच माया सोडा."

पेपर खाली आला. त्यांनी टोपरं उचलून मुठीवर चढवून पाहिलं. चढेना.

"अर्ध्यानं नाही भागत. पाऊण सोड," ते म्हणाले. "पूर्णिमाचं डोकं केवढं होतं, विसरली काय?"