'हाक'चा शेवटचा कार्यक्रम

"शिवानंसुद्धा साक्ष द्यायची," अमोलिक म्हणाले. "तिघांनीही. मी देवाकडे कसा आलो, एवढंच माइकवर सांगायचं. मग तुमची गाणी."

स्टेजमागच्या कनातीत 'हाक' बँडची तिन्ही पोरं त्यांच्यासमोर उभी होती. बाहेर नवीन पनवेलचं मैदान भरत आलं होतं. पार पुण्याहून पोरं आली होती. अमोलिकांची संस्था मुंबईची. 'हाक'ची पहिली कॅसेट तीच काढणार होती, आणि नाताळनंतर गावोगावचा दौरा. ख्रिस्ती बँडमधला प्रत्येक जण ख्रिस्तीच हवा, असा संस्थेचा नियम होता. आणि 'हाक'चा ड्रमर शिवा विचुंब्याच्या आगरी घरातला. त्याच्या घरी एकवीरा आईचा फोटो होता.

'हाक' उभा राहिला ब्याण्णव साली. गिटार वाजवणाऱ्या अविनाशचा मामा बोटीवर नोकरीला होता. त्यानं परदेशातून हार्डकोरच्या कॅसेटी आणल्या. दीड-दोन मिनिटांची गाणी, बेफाम वेग, आणि गाण्याऐवजी घसा फाडून ओरडणं. अविनाशनं ते गिटारवर बसवलं. त्याचा मित्र धर्मराज बेस वाजवत ओरडायला लागला. धर्मराज चर्चच्या पाळकांचा, रेव्हरंड दीनानाथ भालेरावांचा मुलगा. गाणी तोच लिहायचा. मराठीत, आणि देवाला थेट जाब विचारणारी. तू कुठे होतास? गप्प का आहेस? शिवा त्यांना एका हळदीत सापडला. बेंजो पार्टीच्या ताफ्यात तो ताशा असा वाजवत होता की नवरदेव बाजूला राहिला आणि लोक शिवाकडेच बघत उभे राहिले.

सराव चर्चमागच्या हॉलमध्ये चाले. मंडळींना तो आवाज सोसवत नसे. दर रविवारी भक्तीनंतर कुणी ना कुणी पाळकसाहेबांकडे गाऱ्हाणं घेऊन जाई. ते शांतपणे ऐकून घेत आणि हॉल तसाच उघडा ठेवत. एकुलत्या लेकाचे लाड, असं लोक म्हणत.

खोपोलीच्या पहिल्या कार्यक्रमातून निम्मे लोक उठून गेले. जे थांबले, ते पुढच्या वेळी मित्रांना घेऊन आले. शिवाचा हात ड्रमवर पडला की हळदीतला ताशा आणि परदेशी हार्डकोर यांचं काहीतरी तिसरंच व्हायचं. मुंबईचे नावाजलेले बँडवाले ते ऐकायला पनवेलला येऊ लागले. कल्याणला एक मुलगी कार्यक्रमानंतर रडत धर्मराजला म्हणाली, "आमच्या घरात हे सगळ्यांच्या मनात आहे. बोलत कुणी नाही." चार वर्षांत तीन पोरांनी, धड एक स्पीकर नसताना, हे नाव कमावलं होतं.

"मी बोलतू ना," शिवा अमोलिकांना म्हणाला. "दोन वाक्यां तं हायेत. माजं काय जातंय? बँड चालला पायजे."

"बघ, तो तयार आहे," अविनाश धर्मराजला म्हणाला. त्याचा आवाज जवळजवळ विनवणीचा होता.

"मी तयार नाही," धर्मराज म्हणाला. "आधी मला बोलू दे."

तो स्टेजवर गेला. माइकसमोर तो पहिल्यांदाच ओरडला नाही. पहिल्या रांगेत पाळकसाहेब बसले होते. धर्मराजनं त्यांच्याकडे बघणं टाळलं.

"माझी आई आशालता इथेच पनवेलला नर्स होती. ती काविळीनं गेली आणि मी प्रार्थना सोडली. पाळकांचा मुलगा, म्हणून मला कुणी विचारलं नाही. ही गाणी तुम्हाला भक्तीची वाटली. मी मात्र रिकाम्या आभाळावर ओरडत होतो. एकदा सराव करताना शिवानं विचारलं, तू ज्याला हाका मारतोस, त्याला ऐकू जातंय का? मी म्हटलं, ठाऊक नाही. तो म्हणाला, मग आपण अजून जोरात वाजवू. आणि त्यानं वाजवलं. हात सुजेपर्यंत वाजवलं. त्या दिवशी घरी जाऊन मी गुडघे टेकले." त्यानं मागे कनातीकडे बोट केलं. "मला देवाकडे शिवानं आणलं. त्याच्याकडून आता आणखी साक्ष मागू नका."

शिवा आणि अविनाश स्टेजवर आले. मग ड्रमवर शिवाचा हात पडला. त्याचे डोळे वाहत होते, पण ताल एकदाही चुकला नाही. त्या संध्याकाळी 'हाक' जसा वाजला तसा आधी कधी वाजला नव्हता, असं तिथे असलेले लोक आजही सांगतात.

कॅसेट निघाली नाही. "पोरा, मन भरून आलं," अमोलिक म्हणाले, "पण नियम माझ्या एकट्याचा नाही." अविनाशला मात्र गिटारवरच जगायचं होतं. त्यानं धर्मराजला मिठी मारली आणि त्याच आठवड्यात तो मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात गेला. त्याच्यावाचून 'हाक' होऊ शकत नव्हता. दुसरा गिटारवाला शोधावा, असं दोघांपैकी कुणालाही वाटलं नाही.

सोमवारी सकाळी धर्मराज आणि शिवा ड्रम न्यायला हॉलवर आले. पाळकसाहेब स्वतः मदतीला आले. शिवा छोटे ड्रम घेऊन टेम्पोकडे गेला. मोठा ड्रम एका बाजूनं वडिलांनी धरला, दुसऱ्या बाजूनं मुलानं.

"पप्पा," धर्मराज खाली बघत म्हणाला, "लोकांसमोर तुम्हाला ते ऐकावं लागलं. माझा विश्वास उडाला होता हे इतकी वर्षं तुम्हाला कळू दिलं नाही मी."

"तुझी आई गेल्यावर महिन्याभरातच कळलं होतं मला," दीनानाथ म्हणाले. "म्हणून तर हॉल दिला. चर्चच्या आवारात पाऊल टाकायला तुझ्याकडे दुसरं काही कारणच उरलं नव्हतं."