दोन्हीकडून एकदम

"दाबा, मावशी!" मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला.

साडेचार वाजले होते. मावशींनी बटण दाबलं. फोन ढिम्म.

सरकारनं शहरातले कॉल, मेसेज बंद पाडून बारा दिवस झाले होते. उरला होता दुरुस्तीवाल्याचा हा जुगाड, मायलेकांच्या दोन्ही फोनवर आधीच बसवलेला. मध्ये कुठली कंपनी नाही, थेट या फोनवरून त्या फोनवर. पण दोन्हीकडची दारं बंद. दोघांनी एकाच मिनिटाला ढकललं, म्हणजे बटण दाबलं, तरच फट पडायची, तीही क्षणभर. म्हणून कालच ट्रकवाल्याच्या हाती परगावी मुलाला चिठ्ठी गेली होती: निघण्याआधी बोलू, बरोबर साडेचारला.

आणि आज सकाळी चार माणसं घरी येऊन मुलाची चौकशी करून गेली. गेली कसली, कोपऱ्यावर गाडी लावून बसली होती. मुलाची बस पाचची. 'येऊ नकोस' एवढंच सांगायचं होतं.

चार बत्तीस. चार पस्तीस. मावशी पुन्हा पुन्हा दाबत होत्या.

"वेळ पाळतो ना तो?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"पाळतो म्हणजे? जन्मात कधी उशीर नाही केला त्यानं. मी करूच दिला नाही. त्याच्या हातातलं घड्याळ मीच दहा मिनिटं पुढे..."

मावशींची नजर दुकानातल्या घड्याळाकडे गेली.

दुरुस्तीवाल्याने कपाळाला हात लावला. "म्हणजे त्यानं चार वीसलाच दाबलं. तेव्हा आपण चहा पीत होतो, मावशी."

मावशींना स्वतःचाच भयंकर राग आला. पण रडायलाही सवड नव्हती. त्यांनी बोटांवर मोजलं. "बस सुटताना तो शेवटचं एकदा दाबणारच. मला सांगितल्याशिवाय तो कधी बाहेर पडत नाही. त्याचे पाच म्हणजे आपले चार पन्नास."

चार पन्नासला त्यांनी अंगठा टेकवला. फोन खरखरला.

"आई! मघाशी कुठे होतीस गं? जागा मिळालीये, खिडकीची..."

"उतर! बसमधून उतर आधी, येऊ नकोस!"

"काय? अगं, इंजिन चालू झालंय, काही ऐकू..."

आवाज तुटला.

दुरुस्तीवाल्याने फोनच्या पडद्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मावशी, सोडा आता. बंद झालं."

मावशींचं नख पांढरं पडलं होतं.

"नाही सोडायची. तोही दाबत असेल."