अलीकडचा बांध

फावडं गवतात टाकून आर्विन जेमतेम खाली बसला, तेवढ्यात लोवेलची निळी गाडी बांधावरच्या चिखलातून घसरत घसरत येताना दिसली.

"आलं का हे ध्यान," तो पुटपुटला.

लोवेल पलीकडच्या काठाचा. नदी फुगली की दोन काठांचं सख्य आटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दोन्ही काठांना मातीचे उंच बांध, आणि मधून अर्ध्या आयोवा राज्याचं पाणी चाललेलं. एक बांध फुटला की नदी त्या बाजूला पसरते आणि दुसरा काठ वाचतो. आजोबांच्या वेळी माणसं बंदुका घेऊन बांधावर बसायची, पलीकडच्याने गुपचूप येऊन फावडं मारू नये म्हणून.

आठवडाभर वादळं हटत नव्हती. कालच्या वादळात टेलिफोनच्या तारा आडव्या झाल्या होत्या. आज नदी उतरली नाही तर एक बांध जाणार हे नक्की होतं, आणि जाणार तो पलीकडचाच. अलीकडचा आर्विनने मागच्याच वर्षी माती टाकून चांगला चढवून घेतला होता.

आणि पलीकडच्या बांधाच्या अगदी पायथ्याशी इर्माचं घर. इर्मा म्हणजे आर्विनची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून एकटीच राहायची. काल तो पूल ओलांडून तिला न्यायला गेला, तर तिने त्याला दारातूनच पिटाळलं. "मेले तरी इथून हलायची नाही मी. तू तुझा बांध सांभाळ, जा!" तिच्या बांधातून तेव्हाच पाणी पाझरायला लागलं होतं. रात्रभर आर्विनच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

लोवेल गाडीतून उतरला आणि आर्विनकडे बघतच राहिला. "काय रे, डुकरं वरच्या शेतावर हलवलीस आणि त्यांच्या जागी स्वतःच लोळतोयस होय?"

"पोती भरत होतो वाळूची," आर्विन म्हणाला. कमरेपर्यंत चिखल होता खरा.

"एकटाच? हाक मारायची की."

"तुला? निम्मी पोती तिकडं पळवली असतीस."

लोवेल खो खो हसला. पाऊस जरा ओसरला होता. "किती झाला तुझ्याकडं?"

"सहा इंच."

"माझ्याकडं साडेसहा."

"तुझं माप नेहमीच फुगलेलं असतं, बाबा."

लोवेलने झाडांच्या मागे, नदीच्या वळणाकडे मान वळवली. "चल, वळणापर्यंत चक्कर मारून येऊ. तिथला बांध कसा आहे बघू तरी."

"आत्ताच बघून आलो. बस की, कॉफी घे." आर्विनने त्याचा दंड धरून त्याला खालीच बसवलं. "रुबार्ब घातलेला गोड पाय-केक पण आहे."

"नको, नको."

"घे रे."

"नको, खाऊन आलोय."

"बायकोच्या हातचा आहे."

"बरं, अर्धाच दे."

त्याने अख्खा खाल्ला. आर्विन पाण्याकडे बघत होता. त्याने काठाला एक काठी रोवून ठेवली होती आणि त्याची नजर तिच्यावरून हलत नव्हती. "तिकडं सगळं ठीक?" त्याने मान न वळवता विचारलं. बहिणीचं नाव त्याने मुद्दामच घेतलं नाही.

"ठीकच म्हणायचं," लोवेल बोटं चाटत म्हणाला.

मग बराच वेळ दोघं सोयाबीनबद्दल बोलले. आणि मध्येच लोवेल ताडकन उठला.

"अरे, काठी बघ! पाणी उतरलं! चार बोटं तरी खाली गेलंय!"

"गेलंय खरं."

"वाचलो रे आम्ही!" मग त्याचा चेहरा पडला. "म्हणजे कुठंतरी बांध फुटला. कुणाचं तरी वाटोळं झालं बघ."

"झालं असेल," आर्विन म्हणाला.

वाटोळं त्याचंच झालं होतं, आणि ते त्यानेच केलं होतं. ट्रॅक्टरला खोदायचं यंत्र लावून वळणावरचा आपलाच बांध त्याने कापला होता. शेवटची माती फावड्याने ओढली आणि तो इथे येऊन बसला. लोवेलला सुगावा लागला असता तर त्या भल्या माणसाने धावत जाऊन पोती टाकली असती. आता ते भगदाड कुणाच्या बापाला बुजवता येणार नव्हतं. बायको शहरात लेकीकडे होती, वळणाखालचं घर रिकामं होतं. आजोबांनी बांधलेलं घर, तो आणि इर्मा जिथे जन्मले ते. पण घर म्हणजे शेवटी फळ्या आणि खिळे. ताई एकच होती. त्याला रडू येत होतं आणि फार हलकंही वाटत होतं.

"चल, निघतो," लोवेल म्हणाला. आमच्याकडे निघतो म्हटल्यावर कुणी निघत नाही. गाडीपर्यंत जाताना मक्याच्या भावाची चर्चा झाली. दार उघडल्यावर पाद्रीबाबांच्या गुडघ्याची झाली. खरं बोलायचं असतं ते माणूस इंजिन सुरू करून, काच खाली घेऊन बोलतो.

लोवेलने काच खाली घेतली.

"आणि हो, ज्यासाठी आलो ते राहिलंच की! तुझ्या ताईनं ऐकलं बरं का शेवटी. सकाळी पाणी पायरीला लागलं, तशी म्हणाली, मला भावाकडं सोड, त्याचा बांध काही फुटायचा नाही. इकडं येताना तुझ्याच घरी सोडली तिला. तिथं कुणी नव्हतं, पण तिला कुठला दम! आल्या आल्या तळघरात उतरलीये, तुझ्या बायकोच्या पीचच्या बरण्या वर काढायला."