दाराची दिशा

लग्न मोडलं. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण विश्वासराव अजून होणाऱ्या जावयाच्या घरात चहा पीत होते.

ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर ते दोन खोल्यांचं घर मकरंदने स्वतः जोडलं होतं. विश्वासरावांनी भिंतीवर टिचकी मारली. "जावईबापू, हा तर डबा! आणि दार पूर्वेला? पोरीच्या डोळ्यांवर ऊन येईल."

मकरंदने जोत्याचे बोल्ट सोडले. मित्रांनी अख्खं घर उचलून उत्तरेकडे फिरवलं. आत बसलेल्या सासऱ्यांच्या बशीतला चहा हिंदकळलासुद्धा नाही.

"समोर उकिरडा," ते म्हणाले. मग घर पश्चिमेला फिरवलं, तर त्यांना वारा लागला. "मोडलं लग्न!"

वैतागून मकरंदने दार दक्षिणेला, यमाच्या दिशेला केलं. सासरे दारात आले आणि कपाळावर हात आडवा धरून बघू लागले. शेतापलीकडे त्यांचंच अंगण होतं. लेक पापड वाळत घालत होती.

"लग्नानंतर तिलाही इथून मी दिसेन," ते पुटपुटले. "आवळा बोल्ट."

भटजींनी मात्र दक्षिणमुखी घराची वास्तुशांत करायला नकार दिला. तेव्हा विश्वासरावांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला: "तरी गावाची दक्षिण दिशा आजपासून पूर्व समजण्यात यावी, ही नम्र विनंती."