नव्या होडीचा ओलावा

तोकुजींनी होडीच्या तळाला हात लावला आणि तो तसाच ठेवला. लाकूड गार होतं, ओलं.

एका ओंडक्यातून कोरलेली ही होडी अजून नदीत उतरलेली नव्हती. ती उतरवण्याचाच आज सण होता. आठवडाभर पावसाचा थेंब नाही. बायका शेकोटीपाशी टाळ्यांच्या ठेक्यावर गात होत्या, आणि तोकुजींची नात नात्सुनो पहिल्या फेरीसाठी केव्हाची होडीत जाऊन बसली होती.

"ओली कशी रे?" त्यांनी होडी कोरणाऱ्या एइसाकुला विचारलं.

"धुतली, काका. देवाच्या दारी पारोशी न्यायची का?"

आजूबाजूचे हसले. तोकुजीही हसले. पण धुतलेलं लाकूड वरून ओलं असतं. हे आतून फुगलं होतं. रात्रभर ओली पोती घातली, की उन्हाने पडलेली भेग मिटते. मिटते, सांधत नाही. एखादा दगड लागला की पुन्हा उघडते.

गेल्या वर्षी एइसाकुचीच होडी भर प्रवाहात उकलली आणि तोकुजींचा धाकटा भाऊ बुडाला. तेव्हा काठावर उभं राहून तोकुजींनी गावादेखत नदीला फैलावर घेतलं होतं. चूक देवाची असेल तर देवालाही सुनवायचं, ही रीतच. एइसाकु शेजारी मान खाली घालून उभा होता. दुःखाने, असं तोकुजींना वाटलं होतं.

नुसत्या संशयावरून माणसाला चारचौघांत बोलता येत नाही. नदीला विचारता येतं.

त्यांनी आधी शेकोटीतल्या देवीला, अग्नीआजीला, दारूचे थेंब वाहिले, मग पेला घेऊन नदीकडे वळले. देवाला थेंब वाहायची कोरीव काडी पेल्यात बुडवली. प्रार्थना जुन्या भाषेतली. हल्लीच्या पोरांना ती कळत नाही. एइसाकुला कळत होती.

"नदीबाई, गेल्या वर्षी मी तुला बोललो. माझा भाऊ तूच नेलास का? आज याच माणसाच्या होडीत माझी नात बसली आहे. खरं काय ते सांग. मी थांबतो."

आणि ते थांबले. टाळ्या विरल्या. कुणीतरी खाकरलं. नदी वाहत होती तशीच वाहत राहिली.

मग एइसाकु पुढे आला. कुणाकडेही न बघता त्याने नात्सुनोला काखेत हात घालून उचललं आणि वाळूवर उभं केलं.