समारोपाचं प्रात्यक्षिक

ऑफिसच्या हॉलमधला माइक बिघडला की दरवेळी मेकॅनिकच्या मागे धावावं लागतं, म्हणून साहेबांनी आम्हा पाच जणांना इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गाला बसवलं. समारोपाला साहेब स्वतः बोलायला उभे राहिले. "दोनच शब्द बोलतो," म्हणाले, तेव्हाच आम्ही घड्याळाकडे पाहिलं. तासाभराने साहेब स्वतःच्या बालपणातून जेमतेम कॉलेजात पोचले होते, तोच माइक बंद पडला.

आम्ही पाचही जण धावलो. अ‍ॅम्प्लिफायर उघडला, मीटर लावला, आळीपाळीने माना हलवल्या. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ ताई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "साहेब, मोठं काम निघालंय. आज काही होत नाही."

साहेबांनी हळहळत भाषण आवरलं. हॉल क्षणात जेवायला पळाला.

आम्हाला शिकवणारे सर तेवढे मागे थांबले. भिंतीपाशी लोंबकळणारी वायर उचलून त्यांनी विचारलं, "ताई, हा प्लग कोणी काढला?"

 

"तुम्हीच तर शिकवलंत, सर! खरखर थांबेनाशी झाली, की आधी प्लग काढायचा. बिघाड कुठे आहे ते नंतर बघायचं."