हात जामीन

लोहाराची सगळ्यात जाड साखळी लांडग्याने अशी तोडली, जसा आपण उसवलेल्या बाहीचा दोरा तोडतो. कोंडवाड्याभोवती जमलेलं गाव एका दमात मागे सरकलं. लोहार तर सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

"आता फीतच," मुखिया म्हणाला. "देवांनी महालांडग्याला बांधलं ते फितीनेच. कुठे आहे ती विणकरीण?"

विणकरीण पुढे झाली. मिसरूड न फुटलेल्या पोरांच्याच वयाची, पण नजर अशी की तीच पोरं तिला वाट द्यायची. तिच्या हातात रेशमासारखी मऊ फीत होती. अख्खा हिवाळा ती हेच विणत होती. कुणी विचारलं तर म्हणायची, "दादासाठी." मग पुढे विचारायची कुणाची टाप नव्हती.

दादाचं काय झालं ते गावाला तोंडपाठ होतं. त्या दिवशी राखणीची पाळी मुखियाच्या मुलाची. पण चिरंजीवांना शिंक आली, म्हणून दादाला धाडलं. लांडगा मागे लागला तसा दादा धावत वेशीपर्यंत आला, दारावर धपाधप थापा मारू लागला. आतून अडसर धरून मुखिया उभा होता. "एकासाठी गाव धोक्यात घालू?" म्हणाला. थोड्या वेळाने थापा थांबल्या. सकाळी दाराबाहेर दादाचा एक बूट सापडला, बाकी काही नाही.

विणकरीण मुखियाला त्यावरून एका शब्दाने बोलली नाही. तिचा सगळा राग लांडग्यावर आहे, असं गाव म्हणायचं. तरी मुखियाने दाराशी पहारेकरी ठेवले होते आणि तिला घराच्या आसपास फिरकू देत नव्हता.

फीत पाहून लांडग्याने दात विचकले. जुन्या कथेतही असंच झालं होतं. कुणीतरी जबड्यात हात जामीन ठेवल्याशिवाय लांडगा फीत बांधून घेत नाही.

गावातल्या तमाम शूरवीरांना एकदम आपापल्या बुटांच्या नाड्या आठवल्या.

"मी ठेवते," विणकरीण म्हणाली.

आत्याने तिचा दंड धरला. "डोकं फिरलंय का तुझं? फीत आवळली की तो चावणारच! त्या देवाचा हात गेला, विसरलीस?"

"त्याचं निभावलं ना एका हातावर?"

"तो देव होता गं! त्याला कुठे विणून पोट भरायचं होतं?"

"आत्या, सोड. दादाचा सूड मी दुसऱ्या कुणावर सोपवणार नाही."

मुखियाचा चेहरा खुलला. स्वतःच्या मुलाला पुढे करावं लागतं की काय, अशी त्याला धास्ती होती. "शाब्बास! रीत ठाऊक आहे ना? जो हात देतो, त्याची जखम मुखियाने आपल्या घरात, दार लावून, आपल्या हातांनी बांधायची. तिसरं माणूस नको. देवांच्या राजाने केलं, तसंच."

"ठाऊक आहे, काका."

मुखियाने क्षणभर विचार केला. "झडती घ्या हिची. सुरी नको, आणि लांडग्याचं कातडं तर मुळीच नको. कातडं पांघरल्याशिवाय माणसाचा लांडगा होत नाही."

पहारेकऱ्याने तिची कात्री काढून घेतली. "बाकी नुसती लोकर आहे, मुखिया. फार तर मेंढी होईल."

सगळे हसले. विणकरीणही हसली.

मग तिने जबड्यात हात ठेवला. लांडगा हलला नाही. फीत गळ्यात पडली, पायांत गुंतली. त्याने एक हिसडा दिला, दुसरा दिला, पण फीत आवळतच गेली. "बसली!" मुखिया ओरडला, आणि गाव टाळ्या पिटू लागलं. तेवढ्यात जबडा मिटला. तिची किंकाळी कोंडवाड्याच्या भिंतींवर आपटली.

"उद्या उजाडताच याला सोलू!" मुखिया म्हणाला आणि तिला आधार देत घरी घेऊन गेला.

घरात त्याने दार लावलं, तिला बाकावर बसवलं, मनगट कोमट पाण्याने धुतलं. खिडकीत ऊन उतरत होतं.

"नशीबवान आहेस. एवढं मोठं धूड, आणि नुसते दात रुतलेत. बोटंही हलतायत." त्याने पट्टी गुंडाळायला घेतली. "पोरी, एक विचारू? वेशीच्या दाराचं... मनात नाही ना ठेवलंस?"

"मी तुमच्या मागेच उभी होते, काका. अडसराला लोंबकळत होते. तुम्ही मला कोपराने ढकललंत."

"गावासाठी केलं गं."

"तो मला हाका मारत होता."

मुखियाने मान खाली घातली. पट्टीला गाठ मारली. "झालं गेलं. आता सूड पुरा झाला समज. तुझ्या दादाला खाणारा बाहेर बांधलेला आहे."

गाठ तटकन तुटली. पट्टीखालून राठ, करडे केस वर आले आणि मुखियाच्या बोटांमध्ये भरले.

"दादाला कुणी खाल्लं नव्हतं, काका," विणकरीण म्हणाली. तिचा आवाज घोगरा होत चालला होता. "नुसतं चावलं होतं. जसं आज दादाने मला."